फॉर्मल फारसी कशी समजून घ्यायची, मराठी येणाऱ्यांसाठी

फारसी शिकणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडते. ॲपवरून, व्हिडिओ आणि इराणी सिनेमे बघून बोलायची फारसी बऱ्यापैकी कळायला लागते, "हालेत चेतोरे", "कोजा मीरी" वगैरे तोंडात बसतं, आणि मग एखादी बातमी किंवा ऑफिसचं पत्र समोर आलं की पहिल्याच ओळीत दम निघतो कारण ओळखीचा एक शब्द दिसत नाही. उलटंही होतं, पुस्तकातून शिकलेल्याला तेहरानमधला माणूस भराभर बोलायला लागला की काही म्हणजे काही कळत नाही. इराणी लोक लिहायच्या भाषेला "रस्मी" किंवा "केताबी" म्हणतात आणि बोलायच्या भाषेला "मोहावेरे". भाषा एकच आहे, आणि दोघींमधला फरक बऱ्यापैकी नियमाने चालतो, तो नियम कळला की अर्धी भीती जाते.

माझं स्पष्ट मत आहे की मराठी येणाऱ्याने सुरुवातच रस्मी फारसीपासून करावी. एक तर रस्मी रूपावरून बोली रूप काढता येतं, पण बोलीवरून रस्मी नेहमी काढता येत नाही ("मीरे" ऐकून मूळ "मीरवद" आहे हे कसं कळणार, मधला व तर गायबच झालाय). दुसरं म्हणजे लिहायची फारसी तेहरानमध्ये आणि काबूलमध्ये थोड्याफार फरकाने सारखीच आहे, बोली मात्र बरीच वेगळी. आणि तिसरं आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे रस्मी फारसीचे जे शब्द बाकीच्या जगाला पाठ करावे लागतात ते आपल्या कोर्टकचेरीच्या आणि रोजच्या मराठीत आधीपासून पडलेले आहेत, फक्त ते कुठे बसतात हे बघायचंय.

सुरू करण्याआधी उच्चाराबद्दल एवढंच, की मी इथे सगळं देवनागरीत लिहितोय, त्यात ए आणि ओ हे ऱ्हस्व समजा, आणि ज हा बऱ्याच ठिकाणी "जमीन" मधला, म्हणजे जवळपास "झ"कडे झुकणारा आहे. खरा उच्चार ऐकूनच घ्या.

आधी बोली आणि रस्मीमधली अदलाबदल. सगळ्यात जास्त वेळा दिसणारे बदल असे:

आन चं ऊन होतं. नान, खाने, आन (ते) हे बोलताना नून, खूने, ऊन. सगळीकडे नाही होत हं, "जहान", "जमान" तसेच राहतात, ते ऐकून ऐकूनच कळतं.
क्रियापदाच्या शेवटी अद चं ए होतं आणि अंद चं अन होतं. मीकोनद, मीकोनंद हे मीकोने, मीकोनन.
"अस्त" (आहे) आखडून नुसता ए उरतो. "खूब अस्त" चं "खूबे".
"रा" चं "रो" किंवा नुसतं "ओ" होतं. "केताब रा" चं "केताबो".
आणि काही फार वापरातली क्रियापदं मधूनच चेपली जातात. मीरवम चं मीरम, मीगूयम चं मीगम, मीखाहम चं मीखाम, मीतवानम चं मीतूनम, मीशवद चं मीशे, मीदेहद चं मीदे.

अशी चेपलेली क्रियापदं एकूण दहा-बारा आहेत आणि तेवढी पाठच करा, त्यात काही युक्ती नाही. बाकी अगर चं अगे, दीगर चं दीगे, यक चं ये, असले छोटे शब्द आपोआप येतात.

आता क्रियापद. फारसी क्रियापदाला दोन मुळं असतात, एक भूतकाळाचं आणि एक वर्तमानाचं. भूतकाळाचं सोपं आहे, मूळ रूपातला शेवटचा "अन" काढला की झालं, रफ्तन चं रफ्त, गोफ्तन चं गोफ्त. वर्तमानाचं मूळ मात्र कधीकधी काहीच्या काही वेगळं असतं आणि सगळे शिकणारे तिथेच वैतागतात. कर्दन (करणं) चं कोन, दीदन (पाहणं) चं बीन, नेवेश्तन (लिहिणं) चं नेवीस, अंदाख्तन (टाकणं, फेकणं) चं अंदाज, गेरेफ्तन (घेणं, धरणं) चं गीर, दाश्तन (असणं, जवळ बाळगणं) चं दार.

ही यादी मराठीच्या डोळ्यांनी परत वाचा. कारकून म्हणजे कार + कोन, काम करणारा, आणि आजच्या फारसीतसुद्धा "कार्कोनान" म्हणजे स्टाफ. दुर्बीण म्हणजे दूर + बीन, लांबचं बघणारी, आणि आज इराणमध्ये "दूरबीन" म्हटलं की कॅमेरासुद्धा. फडणवीस, चिटणीस यातला नवीस-नीस म्हणजे नेवेश्तनचा नेवीस. तिरंदाज आणि गोलंदाज यात अंदाख्तनचा अंदाज. दस्तगीरमधला गीर, जमीनदार-शिलेदारमधला दार, पलंगपोसमधला पूश (पूशीदन, झाकणं), लाचखोरमधला खोर (खोर्दन, खाणं). म्हणजे ज्या वर्तमान मुळांसाठी लोक चार्ट भिंतीवर चिकटवतात ती आपण शाळेत जायच्या आधीपासून बोलतोय. आणखी एक भारी गोष्ट, बंदोबस्त या एका शब्दात दोन्ही मुळं आहेत, बस्तन (बांधणं) चं वर्तमान बंद आणि भूत बस्त. तसंच गुफ्तगू, गोफ्त आणि गू, आणि "गोफ्तोगू" हा आजच्या बातम्यांमधला संवाद, चर्चा यासाठीचा अगदी रोजचा शब्द आहे. त्यामुळे नवीन क्रियापद आलं की आधी आठवून बघा हे मूळ कुठल्या मराठी शब्दाच्या शेपटीला आहे का.

मुळं हातात आली की रस्मी फारसीची जी खास रूपं आहेत ती घ्यायची. बोलताना ही जवळजवळ येत नाहीत म्हणून ॲपमध्ये शिकवत नाहीत.

पहिलं, भविष्यकाळ. बोलताना वर्तमानच वापरतात, "फर्दा मीरम" म्हणजे उद्या जातो. लिहिताना खाहम, खाही, खाहद, खाहीम, खाहीद, खाहंद आणि त्याच्यापुढे भूतकाळाचं मूळ. "खाहम रफ्त" मी जाईन, "खाहद आमद" तो येईल. भविष्य आहे आणि मूळ भूतकाळाचं, हे सुरुवातीला खटकतं, खटकू द्या. नकारात न पुढे लागतो, "नखाहद आमद". आणि क्रियापद जोडशब्द असेल तर खाहद मध्ये घुसतं: "कार खाहद कर्द", काम करेल. वाचताना खाहद दिसलं की लगेच पुढचा शब्द बघा, खरं क्रियापद तिथे आहे.

दुसरं, कर्मणी. नेवेश्ते शोद, लिहिलं गेलं. गोफ्ते मीशवद, म्हटलं जातं. हे सोपंय. पण रस्मी भाषेत याहून जास्त वापरात असलेली एक रचना आहे, "मोरेद-ए अमुक करार गेरेफ्तन". "मोरेद-ए एस्तेफादे करार गेरेफ्त" म्हणजे वापरलं गेलं, "मोरेद-ए हमले करार गेरेफ्त" म्हणजे हल्ला झाला. शब्द शब्द करून अर्थ लावत बसलात तर डोकं फिरेल. करार गेरेफ्तन म्हणजे कर्मणी आणि करार दादन म्हणजे कर्तरी एवढंच लक्षात ठेवा, मधल्या शब्दात सगळा अर्थ असतो.

तिसरं, कर्ताच नसलेली वाक्यं. "बायद रफ्त" जायला हवं, "मीतवान गोफ्त" म्हणता येईल, "नेमीतवान गोफ्त" म्हणता येणार नाही. कोणी म्हणायचं ते सांगितलेलं नाही. मराठीत आपण हेच सतत करतो, "असं म्हणता येईल की", त्यामुळे इंग्रजीतून शिकणाऱ्यांना जे विचित्र वाटतं ते आपल्याला नैसर्गिक वाटेल. लेख, निबंध, संपादकीय यात प्रत्येक पानावर भेटतं.

चौथं, साध्या क्रियापदांची भारदस्त भावंडं. कर्दनच्या जागी "नेमूदन", शोदनच्या जागी "गर्दीदन", अस्तच्या जागी "मीबाशद". "एज्हार दाश्त" म्हणजे मत मांडलं, तिथे कर्दनच्या जागी दाश्तन आलंय. अर्थात काही फरक नाही, फक्त सूट-टाय घातलाय. वाचताना हे सगळे ओळखा, पण स्वतः लिहिताना मीबाशद आणि नेमूदनचा मारा करू नका, चांगले इराणी संपादकसुद्धा अस्त आणि कर्द एवढंच ठेवा म्हणून सांगतात.

वाक्यरचनेबद्दल थोडं. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम आपलाच आहे, क्रियापद शेवटी. लिंग नाही, "तो" आणि "ती" दोन्हीसाठी "ऊ", आणि बातम्यांमध्ये त्याच्या जागी "वेय". आकड्यानंतर एकवचन, "दो केताब". आणि मराठीत "मी पुस्तक वाचलं" मध्ये क्रियापद पुस्तकाप्रमाणे चालतं तसं फारसीत अजिबात नाही, भूतकाळातही क्रियापद कर्त्याच्याच मागे: "मन केताब रा खांदम", त्यातला शेवटचा अम म्हणजे मी.

"रा" मात्र नीट समजून घ्या कारण मराठी माणूस त्याला आपला "ला" समजतो. रा फक्त कर्माला लागतो आणि तेही ते कर्म ठरावीक, माहितीतलं असेल तेव्हा. "केताब खांदम" म्हणजे पुस्तक-वाचन केलं, कुठलंही, "केताब रा खांदम" म्हणजे ते पुस्तक वाचलं. पण "अलीला सांगितलं" यातल्या ला साठी रा चालत नाही, तिथे "बे" येतो, "बे अली गोफ्तम". जुन्या काव्यात रा तिथेही दिसतो, पण तो वेगळा विषय आहे आणि रस्मी म्हणजे जुनी काव्याची भाषा नव्हे, दोन्ही एकत्र शिकायला जाऊ नका.

आणि एक छोटासा "ई". "केताबी के दीरूज खरीदम" म्हणजे "काल मी विकत घेतलं ते पुस्तक". हा ई "एक पुस्तक" वाला ई नाही, हा पुढे "के" येतोय अशी सूचना देणारा ई आहे. लांब वाक्यात नामाला ई आणि मागोमाग के दिसलं की समजायचं आता मध्ये एक आख्खं उपवाक्य येणार, ते संपेपर्यंत मुख्य क्रियापदाची वाट बघायची. आपल्या जो-तो सारखंच.

आता एजाफे. खरं सांगायचं तर फॉर्मल फारसी वाचताना निम्म्या चुका इथेच होतात. दोन शब्द जोडणारा हा ऱ्हस्व ए बोलला जातो पण बहुतेक वेळा लिहिला जात नाही. "केताब-ए मन" माझं पुस्तक, "खाने-ये बोजोर्ग" मोठं घर, आणि याची साखळी कितीही लांब होते. आपण "सरकारच्या शिक्षण खात्याच्या मुख्य ऑफिसचा दरवाजा" म्हणतो, फारसीत नेमकं उलट, दरवाजा पहिला आणि सरकार शेवटी. म्हणून लांब साखळी आली की शेवटच्या शब्दापासून मागे वाचत या, मराठी अर्थ आपोआप बरोबर क्रमाने लागतो. ए नक्की कुठे आहे हे कळायची सगळ्यात चांगली युक्ती म्हणजे बातमी ऐकत ऐकत वाचणं. न्यूजरीडर रस्मी भाषाच मोठ्याने वाचत असतो आणि प्रत्येक एजाफे उच्चारतो, तुम्ही प्रिंटवर पेन्सिलने छोटी रेघ मारत जा. काही आठवडे हे केलं की डोळ्याला न लिहिलेला ए दिसायला लागतो.

शब्दसंपत्ती. रस्मी फारसीतले निम्मेअधिक जड शब्द अरबीतून आलेत आणि ते एकेक पाठ करणं म्हणजे वेळ वाया. अरबी शब्द तीन व्यंजनांच्या मुळावर ठरलेल्या साच्यात ओतलेले असतात. एकच मूळ घेऊन दाखवतो, अ-ल-म, जाणणं. एल्म म्हणजे विद्या, मअलूम म्हणजे माहीत असलेलं (मालूम), तअलीम म्हणजे शिकवणं (आपली तालीम तिथूनच), मोअल्लेम म्हणजे शिक्षक, एअलाम म्हणजे जाहीर करणं, आणि एस्तेअलाम म्हणजे अधिकृत चौकशी, जो इराणच्या सरकारी वेबसाइटवर जागोजागी बटणावर लिहिलेला असतो. सहा शब्द, एक मूळ.

साचे थोडेच आहेत आणि बहुतेकांचा एखादा नमुना मराठीत आहेच. तपशील ज्या साच्यातला आहे त्याच साच्यात तश्कील (स्थापना), तग्यीर (बदल), तहकीक (संशोधन). मुकाबला आणि मुलाहिजा ज्यात आहेत त्यात मोसाहेबे (मुलाखत), मोशाहेदे (निरीक्षण). अखत्यारच्या साच्यात एन्तेखाब (निवड), एह्तेराम (आदर), एख्तेलाफ (मतभेद). तफावतच्या साच्यात तसादोफ (अपघात), तआवोन (सहकार्य). मजकूर, मालूमच्या साच्यात मह्कूम (दोषी ठरवलेला), मक्तूब (लिहिलेलं). हजर, हाकिमच्या साच्यात आमेल, कातेब. वहीत शब्द ए-बी-सी-डी प्रमाणे लिहू नका, मुळाप्रमाणे लिहा, एका पानावर एक मूळ, आणि नवीन शब्द भेटला की त्याच्या पानावर टाका.

अनेकवचनांचंही तेच. फारसी "हा" लावून अनेकवचन होतं ते सोपं, माणसांना लिहिताना "आन" लागतो, दानेश्मंदान म्हणजे शास्त्रज्ञ मंडळी. पण रस्मी भाषेत अरबी तुटकी अनेकवचनं भरपूर येतात आणि ती शब्दाच्या आतूनच बदलतात: खबर-अख्बार, वजीर-वोजरा, शर्त-शरायेत, अम्र-ओमूर, हक-होकूक (आणि होकूक म्हणजे पगारसुद्धा आणि कायद्याचा अभ्याससुद्धा). मराठीत कायदा आणि कवायत हे दोन वेगळे शब्द वाटतात ना, ते एकाच शब्दाचं एकवचन आणि अनेकवचन आहे, काएदे आणि कवाएद. उमराव म्हणजे अमीरचं अनेकवचन ओमरा. असं एकदा बघितलं की पुढची लक्षात राहतात.

स्पेलिंगचा फायदाही इथेच. फारसीत ज चा उच्चार असलेली चार अक्षरं आहेत, स ची तीन, त ची दोन, ह ची दोन, आणि लोक विचारतात कुठलं कधी लिहायचं. मूळ माहीत असेल तर विचारावंच लागत नाही, कारण त्या मुळातून निघालेल्या सगळ्या शब्दांत तेच अक्षर राहतं. शिवाय प, च, ग आणि झ्ह ही चार अक्षरं अरबीत नाहीत, म्हणजे ती दिसली की शब्द फारसी किंवा इतर कुठला आहे, अरबी साचे शोधत बसू नका.

सगळं अरबी आहे असंही नाही. 1935 मध्ये तेहरानमध्ये भाषेची अकादमी, फर्हंगेस्तान, सुरू झाली आणि तिने अरबी शब्दांच्या जागी बरेच फारसी घडवलेले शब्द रुळवले. अद्लीयेच्या जागी दाद्गोस्तरी (न्यायखातं), बलदीयेच्या जागी शह्र्दारी (नगरपालिका), तैयारेच्या जागी हवापेमा (विमान). अलीकडचे रायाने (कॉम्प्युटर) आणि पयामक (मेसेज) हे शब्दही याच वाटेचे, बोलताना कॉम्प्युटरला "काम्पीयूतेर" म्हणतात पण छापील मजकुरात रायाने दिसतो. हे शब्द फोडले की अर्थ कळतो, शह्र आणि दार तर आपल्याला येतातच.

आता सावधानी. मराठीतला शब्द जसाच्या तसा दिसला म्हणून अर्थही तोच असं धरून चालू नका, नाहीतर आख्ख्या परिच्छेदाचा अर्थ उलटापालटा होतो. हे काही नेहमी फसवणारे:

हरकत (हरेकत) म्हणजे हालचाल, निघणं, "कतार हरेकत कर्द" म्हणजे ट्रेन सुटली.
खुलासा (खोलासे) म्हणजे सारांश.
तक्रार (तेक्रार) म्हणजे पुन्हा पुन्हा करणं.
महसूल (मह्सूल) म्हणजे उत्पादन, प्रॉडक्ट किंवा पीक.
रोजगार (रूज्गार) म्हणजे काळ, जमाना, आणि नोकरीधंद्यासाठी शब्द आहे एश्तेगाल.
मंजूर (मन्जूर) म्हणजे हेतू, आणि "बे मन्जूर-ए" म्हणजे अमुक कारणासाठी, हा तर प्रत्येक सरकारी कागदात येतो.
मुलाखत (मोलाकात) म्हणजे नुसतं भेटणं.
तहसील (तह्सील) म्हणजे शिक्षण घेणं, तह्सीलात म्हणजे एखाद्याचं शिक्षण.

याउलट जुने मोडी कागद वाचणाऱ्यांना "मजकूर" आणि "मशारनिल्हे" माहीत असतील, ते मज्कूर आणि मोशारोन-एलेय रस्मी फारसीत आजही "उपरोक्त", "सदरहू व्यक्ती" याच अर्थाने चालतात.

ऑफिसची पत्रं हा एक वेगळाच प्रकार आहे पण ती ठरावीक वाक्यांनी बनतात, म्हणून उलट सोपी. सुरुवात "एह्तेरामन बे एस्तेह्जार मीरसानद", म्हणजे आदरपूर्वक आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते. क्रियापद तृतीयपुरुषी आहे आणि कर्ता गायब, "मी" कुठेच नाही. स्वतःचा उल्लेख करायचाच झाला तर "ईन्जानेब", म्हणजे मी, खाली सही करणार. आणि शेवटी "खाहेश्मंद अस्त दस्तूर फर्मायीद एग्दाम-ए लाजेम बे अमल आयद", म्हणजे आवश्यक कारवाई अमलात येईल असा आदेश द्यावा ही विनंती. यातलं "आयद" बघा, साध्या भाषेत "बीयायद" आलं असतं, पुढचा बी गळालाय. रस्मी भाषेत हा बे-बी बऱ्याचदा गळतो, अशा वेळी ते साधं वर्तमान नसून "यावं, व्हावं" अर्थाचं आहे हे ओळखा. फर्मूदन म्हणजे मोठ्या माणसाने सांगणं आणि अर्ज कर्दन म्हणजे लहानाने सांगणं, फर्मावणं आणि अर्ज करणं, हे आपल्याला शिकवायची गरजच नाही. कोणाबद्दल आदराने लिहायचं तर एकट्या माणसालाही अनेकवचनी क्रियापद आणि ऊ च्या जागी "ईशान".

बातम्यांचे ठरलेले शब्द पण एकदाच घोकून टाका: अफ्जूद (पुढे म्हणाला), तस्रीह कर्द (स्पष्ट सांगितलं), तअकीद कर्द (भर देऊन सांगितलं), एशारे कर्द (उल्लेख केला), खातेर-नेशान कर्द (लक्षात आणून दिलं). सगळ्यांचा अर्थ शेवटी "म्हणाला" एवढाच असतो. जोडणारे शब्द: नीज म्हणजे सुद्धा, जीरा म्हणजे कारण, लेजा आणि बनाबर-ईन म्हणजे म्हणून, अगर्चे म्हणजे जरी, तेब्क-ए म्हणजे अमुकनुसार.

आता हे सगळं एका वाक्यावर लावून बघू.

"वजीर-ए ओमूर-ए खारेजे दर नेशस्त-ए खबरी-ये एमरूज तस्रीह कर्द के मोजाकेरात हफ्ते-ये आयंदे अज सर गेरेफ्ते खाहद शोद."

आधी क्रियापदं शोधा. दोन आहेत, मध्ये "तस्रीह कर्द" आणि शेवटी "गेरेफ्ते खाहद शोद". मधल्यानंतर "के" आहे, म्हणजे कोणीतरी स्पष्ट सांगितलं की, आणि काय सांगितलं ते पुढे. मग साखळ्या उलट वाचा. खारेजे म्हणजे बाहेरचं (खारीज आठवा), ओमूर म्हणजे अम्रचं अनेकवचन, कारभार, म्हणजे परराष्ट्र कारभाराचा मंत्री. एमरूज, खबरी, नेशस्त: आजची बातम्यांची बैठक, पत्रकार परिषद. मोजाकेरात, मुकाबल्याच्या साच्यातला शब्द आणि वर आत लावून अनेकवचन, मूळ ज-क-र, तेच मजकूरवालं, म्हणजे वाटाघाटी. हफ्ते-ये आयंदे, येणारा आठवडा, आयंदेमध्ये आमदन (येणं) चं वर्तमान मूळ आहे. आणि "अज सर गेरेफ्तन" म्हणजे पुन्हा सुरू करणं, त्याचं कर्मणी, आणि मध्ये खाहद, म्हणून भविष्य: पुन्हा सुरू केल्या जातील. परराष्ट्रमंत्र्यांनी आजच्या पत्रकार परिषदेत स्पष्ट केलं की वाटाघाटी पुढच्या आठवड्यात पुन्हा सुरू होतील. हीच गोष्ट कोणी घरात सांगेल तर एवढंच म्हणेल, "वजीर खारेजे गोफ्त हफ्ते-ये दीगे दोबारे मोजाकेरे मीकोनन."

रोजचा सराव असाच करा. एक छोटी बातमी घ्या, ईर्नाची (इराणची सरकारी वृत्तसंस्था) किंवा बीबीसी फारसीची, तीन-चार वाक्यं पुरे. क्रियापदांखाली रेघ, एजाफेच्या जागी खूण, अरबी शब्दांची मुळं वहीत. मग ती बातमी मोहावेरेत सांगून बघा, आणि दुसऱ्या दिवशी त्या बोली रूपावरून परत रस्मी लिहून मूळ बातमीशी ताडून बघा. हा दुसरा भाग लोक कंटाळून सोडतात पण खरं शिक्षण तिथेच होतं, कारण तेव्हाच कळतं की मीशेचं मीशवद झालं, तूचं (मध्ये) दर झालं, हमचं (सुद्धा) नीज झालं. बातम्या जड वाटत असतील तर इराणच्या शाळेची पुस्तकं घ्या, तिथल्या शिक्षण खात्याच्या साइटवर मिळतात, भाषा पूर्ण रस्मी पण वाक्यं लहान, आणि अगदी खालच्या इयत्तेच्या पुस्तकात ऱ्हस्व स्वरांच्या खुणाही दिलेल्या असतात.

कोशात शोधताना जोडक्रियापद त्यातल्या नामाखाली शोधा, "तस्रीह कर्दन" तस्रीहखाली मिळेल, कर्दनखाली नाही. तुटकं अनेकवचन कोशात नाहीच सापडलं तर शब्दातली तीन व्यंजनं काढून एकवचनाचा अंदाज घ्या. आणि मोबाइलवर फारसी कीबोर्ड लावताना त्यात नीम-फासेलेची, म्हणजे अर्ध्या स्पेसची, सोय आहे का ते नक्की बघून घ्या, कारण रस्मी लिखाणात "मी" आणि पुढचं क्रियापद चिकटतही नाही आणि पूर्ण सुटतही नाही, आणि ते चुकीचं टाइप केलं की काही कोशांत शब्द सापडतच नाही.